नुसत्या शिट्ट्यांचं रीळ: एमआरएलची कॅलिब्रेशन टेप

टेप मशीन मापात लावण्यासाठीच्या या टेपवर एकही गाणं नाही. सुरुवातीला १ किलोहर्ट्झची सलग शिटी, मग कानाला टोचणाऱ्या वरच्या शिट्ट्या, मग खालच्या घुमण्यापासून वरपर्यंत एकेक टोन. कोऱ्या रिळापेक्षा कितीतरी महाग, आणि ऐकायला बसलं तर घरातलं माणूस उठून जाईल. तरीही सहा महिने वापरल्यावर माझं मत असं की ही टेप मी मशीनच्या आधी घ्यायला हवी होती.

एमआरएल म्हणजे मॅग्नेटिक रेफरन्स लॅबोरेटरी. टेप मशीन बनवणाऱ्या अँपेक्स कंपनीत बरीच वर्षं काढलेले ‘जे’ (Jay) मॅकनाइट तिच्या संस्थापकांपैकी एक. टेपवर अमुक इतकंच चुंबकत्व ठेवायचं आणि ते मोजून विकायचं, एवढाच त्यांचा उद्योग. मी घेतली ती अर्ध्या इंची, सेकंदाला १५ इंच वेगाची, एनएबी इक्वलायझेशनची (वरच्या-खालच्या स्वरांना किती उचलायचं याचं अमेरिकी माप), २५० नॅनोवेबर प्रति मीटरची (टेपवर किती चुंबकत्व, ती पातळी). या चार गोष्टी मागवतानाच ठरवाव्या लागतात. त्यातली पातळी किंवा इक्वलायझेशन चुकलं तर टेप निकामी होत नाही, पण पुढे प्रत्येक वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

माझं मशीन अर्ध्या इंचावर आठ ट्रॅकचं, वापरलेलं. आधीच्या मालकाने सांगितलं, "नुकतंच सेट करून घेतलंय." कोणाकडून, कशावर, ते त्यालाही माहीत नव्हतं. मी माझ्या परीने तपासलं. मिक्सरमधून १ किलोहर्ट्झचा टोन सोडला, काटा शून्यावर आणला, रेकॉर्ड केला, स्विच रिप्रोवर, म्हणजे टेपवरून परत वाजवणाऱ्या बाजूवर फिरवला. तिथेही काटा शून्यावर. असं आठही ट्रॅकवर. १० किलोहर्ट्झ घातला, तोही शून्यावर. झकास, म्हटलं, आणि लागले कामाला.

चार महिने मग मी या मशीनवर गाणी केली आणि चार महिने दोन गोष्टी खटकत राहिल्या. गाण्यात 'स' आला की आवाजाची कड फाटायची. ढोबळपणे नाही, पण एकदा कानाला लागलं की सुटेना. आणि सहाव्या ट्रॅकवर जे ठेवावं त्यामागे टेपची सूं जरा जास्त. सहाव्यावर मी बहुतेक मुख्य गायन ठेवायचे, म्हणून आधी माइकवर संशय घेतला, मग केबल बदलली, मग मिक्सरचा चॅनेल बदलला. शेवटी गाणाऱ्यालाच म्हटलं, जरा जोरात गा ना. बिचारा गायला.

टेप आली त्या दिवशी मी ती लगेच लावली नाही, आणि हा माझा शहाणपणा नव्हता, भीती होती. आधी हेड आणि गाईड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, मग डीमॅग्नेटायझर फिरवला. हेडमध्ये चुंबकत्व साचलेलं असेल तर ते या महागड्या टेपचे वरचे टोन दर फेरीला थोडे थोडे खाऊन टाकतं. त्यानंतर आठही ट्रॅकची रेकॉर्डची बटणं सेफवर आहेत ना, हे तीनदा बघितलं. एका बोटाच्या चुकीने हे सगळं रीळ पुसलं जाऊ शकतं. काही लोक त्यासाठी रेकॉर्डची कार्डंच बाहेर काढून ठेवतात. मी हसले असते पूर्वी.

प्ले दाबलं. १ किलोहर्ट्झ. सात काटे उणे २ वर जाऊन उभे राहिले. सहावा अधिक १ वर.

मी बराच वेळ त्या काट्यांकडे बघत होते. पुढे १० किलोहर्ट्झचा टोन आला तेव्हा सगळे काटे जिथे होते तिथून आणखी खाली आले, जवळजवळ पावणेतीन डीबी (डेसिबल), आणि सगळे सारखेच. हेड झिजलं असतं तर एखादा जास्त, एखादा कमी पडला असता. इतकं एकसारखं घसरणं झिजेने होत नाही.

गंमत अशी की व्हीयू मीटरच्या, म्हणजे या काट्यांच्या शून्याला स्वतःचा असा अर्थ नसतो. टेपवर किती चुंबकत्व असलं की काट्याने शून्य दाखवायचं, हे मशीन लावणारा माणूस ठरवतो. जुनं अँपेक्सचं माप १८५ नॅनोवेबर. टेपा सुधारल्या तसं २५० आलं, म्हणजे सुमारे अडीच डीबी वर. मग ३५५, म्हणजे आणखी तीन. युरोपात ३२० चालायचं. आता २५० आणि ३२० मधलं अंतर काढा: २.१ डीबी. आणि इक्वलायझेशनचं वळण एका काळाच्या आकड्याने ठरतं: १५ इंच वेगाला एनएबीचा ५० मायक्रोसेकंद, आयईसी या युरोपातल्या मापाचा ३५. या दोन वळणांत १० किलोहर्ट्झला फरक पडतो तो पावणेतीन डीबीच्याच आसपास. म्हणजे माझं मशीन कोणीतरी ३२० च्या आयईसी टेपवर लावलेलं होतं. काम नीटच केलं होतं त्याने, फक्त सांगितलं नव्हतं. सहाव्या ट्रॅकला मात्र नंतर कुणाचा तरी स्क्रूड्रायव्हर लागला असावा.

मग माझ्या तपासणीत हे का दिसलं नाही? कारण तिथे मीच पेपर काढला, मीच सोडवला आणि मीच तपासला. रिप्रो बाजू कमी दाखवत असेल आणि रेकॉर्ड बाजू तेवढंच जास्त लिहीत असेल, तर आत गेलेलं शून्य बाहेर शून्यच येतं. मधे टेपवर काय लिहिलं गेलं ते त्या दोघांचं गुपित. ते फोडायला तिसऱ्याने लिहिलेली टेपच लागते. या वस्तूचं सगळं मोल माझ्या मते इथे आहे.

आता माझ्या 'स'चा हिशेब बघा. "टेपला गरम ठेवा" हा सल्ला मी कुठेतरी वाचलेला, म्हणून गायन मी शून्य ते अधिक ३ मध्ये खेळवायचे. मी समजत होते की तो शून्य २५० चा आहे. तो होता ३२० चा, दोन डीबी वर. त्यात आयईसीच्या वळणाने वरच्या भागात आणखी अडीच-पावणेतीन. म्हणजे १० किलोहर्ट्झच्या आसपास टेपवर माझ्या समजुतीपेक्षा जवळजवळ पाच डीबी जास्त जात होतं, आणि टेप नेमकी तिथेच आधी भरते. मधल्या स्वरांत तिला जागा असते, वर नसते. आयईसी वाईट नाही हं. त्यात सूं कमी येते, म्हणून तर लोक ते निवडतात. पण त्यात 'स'ला इतकं वर ठेवायचं नसतं.

आणि सहावा ट्रॅक. तो अधिक १ दाखवतो म्हणजे त्याचा शून्य सव्वादोनशे नॅनोवेबरच्या आसपास. बाकीच्यांपेक्षा तीन डीबी कमी चुंबकत्व. गायन तेवढंच ऐकू येण्यासाठी सूं तीन डीबी वर चढत होती, म्हणजे तो एकटा दोन ट्रॅकइतकी सूं करत होता. माइक निर्दोष, केबल निर्दोष. गाणाऱ्याला मी अजून हे सांगितलेलं नाही.

पुढचं काम एका दुपारचं. आधी ॲझिमथ, म्हणजे हेड टेपला बरोबर काटकोनात आणणं: पहिला आणि आठवा ट्रॅक मिक्सरवर एकत्र केले आणि वरचा टोन चालू असताना हेडचा स्क्रू केसभर फिरवत दोघांची बेरीज सगळ्यात मोठी येईल तिथे थांबले. ही सुरुवात मधल्या टोनवर करायची असते. एकदम १६ किलोहर्ट्झवर गेलं तर पूर्ण एक लाट चुकूनही काटा खोटं शिखर दाखवतो. मग १ किलोहर्ट्झला रिप्रो शून्यावर, १० किलोहर्ट्झ शून्यावर, एकेक ट्रॅक. सिंकची, म्हणजे रेकॉर्ड हेडवरूनच ऐकण्याची बाजूही. मशीनची मूळ पुस्तिका एनएबीच सांगते, म्हणून मी एनएबीवर आले.

इथे एमआरएलची टेप काढून कोरी लावायची. १० किलोहर्ट्झ रेकॉर्ड करत बायस (रेकॉर्ड करताना आवाजात मिसळलेला, कानाला न ऐकू येणारा फार वरचा टोन) वाढवत न्यायचा. आवाज चढतो, शिखर गाठतो, मग उतरायला लागतो. माझी टेप आणि हा वेग धरून शिखरापासून तीन डीबी उतरला की थांबले. टेपचा प्रकार आणि हेडची फट बदलली की हा आकडा बदलतो, तेव्हा माझा उचलू नका. शेवटी रेकॉर्डची पातळी आणि रेकॉर्डचं इक्वलायझेशन. आता आत गेलेलं शून्य बाहेर शून्य येतं, आणि या वेळी मधे काय आहे तेही मला माहीत आहे.

एक सावधगिरी सांगायला हवी. खालचे टोन, १०० हर्ट्झच्या खालचे तर नक्कीच, या टेपवरून लावू नका. अशी टेप पूर्ण रुंदीभर एकसंध लिहिलेली असते आणि मल्टिट्रॅकचं अरुंद हेड आजूबाजूचं चुंबकत्वही ओढून घेतं. लांब लहरींना ते जास्त होतं, म्हणून काटा फुगीर आकडा दाखवतो. दोष टेपचा नाही, भूमितीचा. खालची बाजू स्वतःच रेकॉर्ड करून, रिप्रोवर ऐकून लावायची. मला हे आधी माहीत नव्हतं आणि मी अर्धा तास आठ ट्रिमरशी (जुळवणीच्या छोट्या स्क्रूंशी) उगाच भांडले.

टेप काय देत नाही, तेही लिहिते. ती फक्त शून्य कुठे आहे ते सांगते. शून्याच्या किती वर किंवा खाली वाजवायचं, ते वाद्य ठरवतं.

याचा धडा मला खंजिरीने दिला. मशीन लावल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मैत्रीण खंजिरी घेऊन आली. ती वाजवतेय, काटा उणे १२ च्या वर येईना. मी फेडर वर. काटा उणे ७. आणखी वर. उणे ३. आता छान म्हणून रेकॉर्ड केलं. परत ऐकलं तर खंजिरीच्या चकत्यांची किणकिण गेलेली, कोणी वाळूचा डबा हलवतंय असा आवाज. ती म्हणाली, "ही माझी नाही." खरंच नव्हती.

व्हीयूचा काटा सावकाश चालतो; नवा आवाज आला की त्याच्या खऱ्या जागी पोचायला त्याला ३०० मिलिसेकंद लागतात. हे माप १९३९ चं, रेडिओ आणि टेलिफोनवाल्यांनी बोलण्यासाठी ठरवलेलं, आणि बोलण्याला ते बरोबर जमतं. खंजिरीचा ठोका एवढ्या वेळात येऊन गेलेलाही असतो. काटा हलायला निघतो तोवर पाहुणा घरी पोचलेला. काट्याने उणे ३ दाखवलं तेव्हा खरं टोक त्याच्या बारा-पंधरा डीबी वर असणार, आणि तेही सगळं वरच्या स्वरांत, जिथे टेपला जागाच नाही.

मग आम्ही उलटं केलं. दर वेळी तीन डीबी खाली, वीस सेकंद रेकॉर्ड, लगेच रिप्रोवर ऐकायचं. उणे ६ ला वाळू. उणे ९ ला वाळूत थोडे घुंगरू. उणे १२ ला ती म्हणाली, "हां, आता माझी." उणे १५ पर्यंत गेलो तेव्हा किणकिण तशीच, पण मागे सूं जाणवायला लागली. उणे १२ वर परतलो. मी पट्टीवर पेन्सिलने लिहून ठेवलंय: खंजिरी −१२, काट्याकडे बघू नकोस.

बेसचं बरोबर उलट. बेसला शून्य ते अधिक ३ बिनधास्त. काटा लाल भागात लोळला तरी तो गोलच होतो, आणि आमच्या बेसवाल्याला ते इतकं आवडतं की तो माझ्या पाठीमागून "अजून, अजून" करत असतो. गायन मी आता उणे ३ च्या आसपास ठेवते, 'स' जास्त असलेल्या ओळी बघून. पियानो उणे ६. किकला शून्य चालतं. झांजांना खंजिरीचाच नियम, अजून दोन पायऱ्या खाली.

सगळंच खाली ठेवून सुरक्षित राहू, असं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब: ट्रॅक दुप्पट झाले की सूं तीन डीबीने वाढते. आठ ट्रॅक उघडे म्हणजे एकापेक्षा नऊ डीबी जास्त. डिजिटलवरून आलेली माणसं इथे हमखास फसतात. तिथे उणे १८ वर निवांत रेकॉर्ड करायची सवय, इथे तो आकडा बघून तसंच करतात आणि मग मिक्स करताना पाऊस ऐकत बसतात. डीबीएक्ससारखं सूं कमी करणारं नॉइज रिडक्शन असेल तर गोष्ट वेगळी. त्यात २ ला १ असं दाबून लिहिलं जातं, टेपवरची चढउतार निम्मी होते, आणि टेपला भरण्याचं कारणच उरत नाही. पण त्यात मशीनची चूक दुप्पट होऊन बाहेर येते. १० किलोहर्ट्झला दोन डीबी कमी असलं तर उलगडताना चार. म्हणजे डीबीएक्सवाल्यांना या टेपची गरज माझ्यापेक्षा जास्त.

क्लिकबद्दल एक चूक माझीच. मेट्रोनोमचा ठोका आठव्या ट्रॅकवर मी शून्याला ठेवायचे, ऐकू यावा म्हणून. गाण्याच्या शेवटी गिटारची तार विरत जाते तिथे सातव्यावर टिक, टिक, टिक. शेजारच्या ट्रॅकमधून झिरपलेलं. आता क्लिक उणे १० ला, आणि सातवा शक्य तोवर रिकामा.

नवं माप लावल्यावर एक भुर्दंडही पडला. आधीची तीन गाणी अर्धवट होती. ती नव्या सेटिंगवर वाजवली तर सात ट्रॅक दोन डीबी वर आणि चकचकीत, सहावा एक डीबी खाली. त्या रिळांच्या सुरुवातीला टोन नव्हते, त्यामुळे सगळं वहीतल्या आकड्यांवरून मिक्सरवर सावरावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक नव्या रिळाच्या तोंडाशी मी १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ आणि १०० हर्ट्झ असे मिनिट मिनिटभर टोन ठेवते आणि डबीवर लिहिते: १५ इंच, एनएबी, ० व्हीयू = २५०. माझं रीळ दुसऱ्या कुणाच्या मशीनवर गेलं तर त्याला माझ्यासारखं गुप्तहेर व्हायला नको.

कोणती घ्यावी? तीन-चार टोनच्या छोट्या टेपाही मिळतात. नेहमीच्या देखभालीला त्या पुरतात आणि खिशालाही कमी लागतात. मी पूर्ण घेतली कारण मला मशीनचा इतिहास माहीत नव्हता. दोन इंची मशीनवाल्यांनी मात्र मागवण्याआधी बसून घ्यावं, कारण रुंदीबरोबर किंमतही चढते. आणि पातळीच्या आकड्यावरून फार डोकं शिणवू नका. २५० च्या टेपवरूनही ३५५ चा शून्य लावता येतो, काटा उणे ३ वर ठेवला की झालं. वेग आणि रुंदी यांना मात्र अशी पळवाट नाही. जुन्या रिळांवर भरवसा ठेवून "एखादी वापरलेली मिळेल" असंही करू नका. किती वेळा फिरवली, कुठल्या हेडवरून गेली, उन्हात ठेवली का, हे कोण सांगणार? वरचे टोन झिजलेली कॅलिब्रेशन टेप ही नसलेल्या टेपपेक्षा वाईट, कारण तिच्यावर तुम्ही विश्वास ठेवता.

सांभाळायची रीत सोपी आहे, पाळायला कंटाळवाणी. प्लेच्या वेगानेच गुंडाळायची, रिवाइंड करायचं नाही, शेपटी बाहेर ठेवूनच डबीत घालायची, डबी उभी. प्रत्येक फेरीची तारीख मी झाकणाच्या आत लिहिते. आतापर्यंत पाच तारखा झाल्या. पाचव्या वेळी सहावा ट्रॅक पुन्हा अर्धा डीबी सरकलेला होता, बाकीचे जागच्या जागी. ट्रिमरमध्येच काहीतरी ढिलं असावं. पुढच्या महिन्यात तो बदलून घेतेय, आणि तोवर मुख्य गायन तिसऱ्यावर.